केडगाव, पाबळ आणि आपली मुले

(स्मृती व्याख्यानमालेत शिरूर येथे दिलेल्या व्याख्यानाचे मुद्रित रूप)



ज्या गुरुजींच्या नावाने ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी उभे आयुष्य याच भागातल्या मुलांना शिकवण्यात घालवले. म्हणून मी विषयही या मुलांचाच निवडला आहे. मुलाला स्वतःची ओळख कशी होते, आपण सुधारू शकतो हा विश्वास त्याच्यात कुठून येतो, आणि त्याला पेलेल असे ध्येय तो कसे ठरवतो, यावर मला बोलायचे आहे. हे प्रश्न अलीकडे फार मोठमोठ्या शब्दांत मांडले जातात. मी ते आपल्या गावांतूनच मांडणार आहे.

पहाटे पाचला शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांतल्या कुठल्याही मोठ्या गावाच्या मैदानावर जा. पोलीस भरतीची तयारी करणारी मुले-मुली धावताना दिसतील. दौंडला राज्य राखीव पोलीस दलाचे दोन गट आहेत, पाच आणि सात क्रमांकाचे. त्यामुळे वर्दी या भागातल्या घराघरांना जवळची आहे. त्यातल्या एखाद्या मुलाला विचारा, ‘सोळाशे मीटरला किती लागतात?’ तो लगेच सांगेल, ‘पाच चाळीस.’ वीसपैकी वीस गुण हवेत तर पाच मिनिटे दहा सेकंदांच्या आत यायला लागते, हे त्याला ठाऊक असते. आपण तीस सेकंद मागे आहोत आणि ते तिसऱ्या फेरीत दम तुटतो म्हणून, हेही ठाऊक असते. शंभर मीटर आणि गोळाफेक धरून मैदानी चाचणीचे ५० गुण होतात. त्यातले आज किती पडतील आणि दोन महिन्यांनी किती पडतील याचा त्याचा अंदाज सहसा चुकत नाही.

आता त्याच मुलाला लेखी परीक्षेचे विचारा. ती १०० गुणांची, म्हणजे मैदानाच्या दुप्पट. तो म्हणेल, ‘सर, गणित कच्चं आहे.’ कुठे कच्चे आहे? शेकडेवारीत की काळ-काम-वेगात? उदाहरण समजत नाही, की समजते पण आकडेमोड चुकते, की दोन्ही येते पण वेळ पुरत नाही? यावर तो गप्प होतो. पायांचे त्याला सेकंदापर्यंत माहीत आहे आणि डोक्याबद्दल एवढेच, की ते ‘कच्चे’ आहे.

मुलगा तोच आहे, जिद्दही तीच आहे. मैदानावर त्याच्या हातात घड्याळ आहे, शेजारी धावणारा सोबती आहे, आणि काल सहा मिनिटे लागत होती ती आज पाच चाळीसवर आली हे त्याने स्वतः पाहिले आहे. वर्गात दहा वर्षे काढून यातले एकही त्याला मिळालेले नाही. त्याला मिळाला तो तिमाहीचा, सहामाहीचा एक आकडा, आणि त्या आकड्यावरून पडलेले एक नाव. अमुक हुशार, तमुक ढ. ‘आमच्या घरात गणित कुणालाच जमलं नाही’ हे वाक्य मी पालकांच्या तोंडून मुलासमोर इतक्यांदा ऐकले आहे की त्याची मला धास्ती वाटते. कारण मूल ते खरे मानते. डोळ्यांचा रंग जसा घराण्यातून आला तसे गणितही घराण्यातूनच यायचे होते, ते आले नाही, विषय संपला.

कॅरल ड्वेक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी याच समजुतीचा अभ्यास केला. बुद्धी जन्मतः ठरलेली असते असे मानणारी मुले आणि ती प्रयत्नाने वाढते असे मानणारी मुले अडचणीला वेगवेगळ्या तऱ्हेने सामोरी जातात, असे त्यांनी दाखवले. या दुसऱ्या वृत्तीला त्यांनी ग्रोथ माइंडसेट म्हटले. क्लॉडिया म्युलर यांच्यासह १९९८ साली प्रसिद्ध केलेला त्यांचा एक प्रयोग प्रत्येक शिक्षकाने लक्षात ठेवावा. पाचवीच्या मुलांना कोडी दिली. सोडवल्यावर काहींना सांगितले, तू हुशार आहेस. काहींना सांगितले, तू कष्ट घेतलेस. पुढे ‘हुशार’ ठरलेल्या मुलांनी सोपी कोडी मागून घेतली. अवघड कोड्यांत अपयश आल्यावर ती लवकर खचली. आपले गुण वाढवून सांगणारीही त्यांच्यातच जास्त निघाली. म्हणजे आपण ढ म्हणून ज्यांचे नुकसान करतो त्यांचे तर झालेच, पण हुशार म्हणून ज्यांचे कौतुक करतो त्यांचेही होते. नाव टिकवायचे या भीतीने ती अवघड गोष्टीला हात लावत नाहीत.

पण इथे सावध राहायला हवे. या कल्पनेचा आता बाजार झाला आहे. शाळेच्या भिंतीवर ‘मी करू शकतो’ असे रंगवायचे, एखाद्या वक्त्याला बोलावून दोन तास टाळ्या घ्यायच्या, मुले पेटून उठली असे वार्षिक अहवालात लिहायचे. अमेरिकेत नववीच्या १२ हजारांहून अधिक मुलांवर या विचाराच्या एका छोट्या ऑनलाइन पाठाची तपासणी झाली. तिचे निष्कर्ष २०१९ साली ‘नेचर’मध्ये आले. मागे पडलेल्या मुलांचे गुण वाढले, पण थोडेच. आणि ज्या शाळांतल्या मुलांमध्ये अवघड काम अंगावर घ्यायची रीत होती, तिथे हा परिणाम अधिक दिसला. मला यातले हे शेवटचे महत्त्वाचे वाटते. विश्वास सांगून येत नाही, तो आजूबाजूच्या रीतीतून येतो. आणि अशी रीत शाळेत कशी आणायची याची दोन मोठी उदाहरणे आपल्याच दोन तालुक्यांत घडलेली आहेत. एक भीमेच्या अलीकडे, एक पलीकडे.

पलीकडचे आधी सांगतो, कारण ते जुने आहे. दौंड तालुक्यात केडगाव आहे. आज आपण केडगावला ओळखतो ते गुळाच्या बाजारामुळे आणि रेल्वे स्टेशनामुळे. पण तिथेच पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन आहे. धर्मांतरावरून रमाबाईंवर मोठा वाद झाला, तो इतिहासात आहे आणि मी तो झाकत नाही. पण शिक्षिका म्हणून रमाबाईंनी जे केले त्याकडे आपण महाराष्ट्रातल्या शिक्षकांनी पुरेसे पाहिलेलेच नाही.

१८८६ साली आनंदीबाई जोशी यांच्या वैद्यकीय पदवीदानासाठी रमाबाई फिलाडेल्फियाला गेल्या. अमेरिकेत असताना त्यांनी जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रोबेल यांची बालशिक्षणाची पद्धत शिकून घेतली. हाताने करत करत शिकायचे, हा तिचा गाभा. १८८९ साली मुंबईत शारदा सदन ही त्यांची विधवांसाठीची शाळा निघाली. तिथे सुरुवातीलाच आलेल्या तरुण विधवांमध्ये गोदूबाई होत्या. पुढे १८९३ साली धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह करून त्या आनंदीबाई कर्वे झाल्या. वयात आल्यावर धड अक्षरओळखीपासून सुरुवात केलेल्या या बाईंनी पुढे स्वतःचे आत्मचरित्र मागे ठेवले. त्या काळच्या विधवेसाठी ‘वास्तववादी ध्येय’ काय होते? माजघरातला कोपरा आणि दोन वेळचे जेवण. तिच्या भल्यासाठीच ते सांगितले जाई. रमाबाईंनी ते मानले नाही.

मात्र त्यांनी नुसते मोठे स्वप्नही दाखवले नाही. अमेरिकेतल्या त्यांच्या साहाय्यक मंडळाने दहा वर्षे मदत देण्याचे वचन दिले होते. दहा वर्षांनंतर काय, हा प्रश्न रमाबाईंनी मुदत संपायच्या आधीच स्वतःला विचारला. संस्थेला स्वतःचे उत्पन्न हवे म्हणून केडगावला जमीन घेतली, विहिरी खोदल्या, फळबाग लावली. त्यानंतर १८९६-९७ चा दुष्काळ आला आणि मध्य प्रांतातून शेकडो निराधार मुली त्यांनी केडगावला आणल्या. पुढे गुजरातच्या दुष्काळातल्या आल्या. १९०० च्या सुमारास तिथे जवळपास दोन हजार जणी होत्या. इतक्या मुलींना नुसते खाऊ घालणे हेच केवढे काम! तिथे त्या शिकतही होत्या. शेती, गाई-म्हशी, विणकाम, शिवण, तेलघाणा, रुग्णसेवा, छापखाना. अंध मुलींसाठी ब्रेल.

छापखान्याचे थोडे सविस्तर सांगतो. रमाबाईंनी बायबलचे हिब्रू आणि ग्रीकवरून मराठी भाषांतर केले आणि ते केडगावच्या छापखान्यात छापले गेले. अक्षरांचे खिळे जुळवण्यापासूनची कामे मुलींच्या हातची. आता विचार करा, दुष्काळात आई-बाप गेलेली, अक्षर न पाहिलेली मुलगी खिळे जुळवायला शिकते. तिने ओळ जुळवली, कच्चे प्रूफ निघाले, त्यात तीन चुका निघाल्या. त्या चुका कागदावर आहेत, कुठल्या ओळीत ते दिसते, खिळा काढून दुसरा बसवला की दुरुस्त होतात. उद्याच्या प्रूफात दोनच निघतील. तिला कुणी ढ म्हणायची गरज नाही आणि हुशार म्हणायचीही नाही. आपण काल कुठे होतो आणि आज कुठे आहोत ते तिच्या हातातला कागद सांगतो. मैदानावरच्या मुलाच्या हातात घड्याळ आहे, तसे तिच्या हातात प्रूफ होते. आत्मभान म्हणतात ते मला यापेक्षा वेगळे वाटत नाही.

आता भीमेच्या या बाजूला. शिरूर तालुक्याच्या पश्चिमेला, खेडच्या हद्दीजवळ पाबळ आहे. कमी पावसाचे, कोरडवाहू गाव. १९८३ साली तिथे डॉ. श्रीनाथ कलबाग आले. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाची डॉक्टरेट, हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रातली मोठी जागा, हे सगळे सोडून ते आणि त्यांच्या पत्नी पाबळला राहिले आणि विज्ञान आश्रम उभा राहिला. जे. पी. नाईक यांच्या भारतीय शिक्षण संस्थेच्या छत्राखाली हे काम सुरू झाले, हे लक्षात घ्या. नाईक हे कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव. शाळेत कार्यानुभव असावा ही शिफारस त्याच आयोगाची, १९६६ ची. पुढे कार्यानुभवाच्या तासाचे काय झाले ते आपल्याला माहीत आहे. वहीत चिकटवलेली चित्रे आणि वर्षअखेरीची एक श्रेणी. मला त्याचे दुःख आहे, कारण मूळ विचार फार मोलाचा होता. पाबळला तो जिवंत राहिला.

कलबागांचे म्हणणे सरळ होते. शाळा सोडलेले मूल मंद नसते, त्याला शिकवण्याची पद्धत त्याची नव्हती. लहान मूल चालायला, बोलायला करत करत शिकते. शिकण्याची ती नैसर्गिक रीत शाळेत का मोडायची? म्हणून आश्रमात शाळा सोडलेल्या मुलांसाठी निवासी वर्षभराचा अभ्यासक्रम सुरू झाला, आणि आठवी ते दहावीच्या शाळांसाठी आठवड्यातला एक दिवस कामाचा असा मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम तयार झाला. त्याचे चार भाग आहेत: अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य. एकच मुलगा वेल्डिंगही करतो, मातीही तपासतो, कोंबड्यांच्या खाद्याचा हिशेबही ठेवतो आणि रक्तातले हिमोग्लोबिनही पाहतो. शिकवायला गावातले कारागीरही असतात.

यातली खरी गोम अशी की काम खरे असते आणि ते गावासाठी असते. जमिनीत पाणी कुठे आहे याची पाहणी मुले उपकरण लावून करतात आणि त्यांच्या आकड्यांवर विसंबून शेतकरी विहिरीचा निर्णय घेतो. मुलाने केलेली वायरिंग कुणाच्या तरी घरात राहते. प्रत्येक कामाचा खर्च काढायचा, माल किती, मजुरी किती, वाया किती गेले. ज्या मुलाला वर्गातले दशांश अपूर्णांक परके वाटत होते, तो पत्र्याचे माप एक सेंटिमीटरने चुकले की पत्रा वाया जातो हे पाहतो. मग मोजमाप शिकण्याची गरज त्याची स्वतःची होते. २००२ च्या सुमारास अमेरिकेच्या एमआयटी या संस्थेतल्या नील गर्शेनफेल्ड यांच्या सहकार्याने पाबळला फॅब लॅब, म्हणजे संगणकाच्या मदतीने वस्तू घडवायची कार्यशाळा, आली. एमआयटीबाहेरच्या अगदी पहिल्या फॅब लॅबपैकी ती एक. शिरूर तालुक्यातल्या एका कोरडवाहू गावात! कलबाग २००३ साली गेले. आश्रम चालू आहे.

केडगाव आणि पाबळ या दोन ठिकाणांत जवळपास शतकाचे अंतर आहे. एक मिशन, दुसरा वैज्ञानिकाचा आश्रम. पण मुलाला स्वतःची ओळख करून देण्याची रीत मला दोन्हीकडे एकच दिसते. त्याच्या हातात खरे काम द्या. काम बरोबर झाले की नाही हे त्याला स्वतःला दिसेल असे माप द्या. चूक दुरुस्त करायला वेळ द्या. आणि एकाच नव्हे, चार-पाच तऱ्हेच्या कामांत त्याला पडू द्या, म्हणजे आपला हात कुठे बसतो आणि मन कुठे रमते ते त्याला कळेल.

आपल्याकडे २०१६ पासून काही वर्षे दहावीच्या मुलांची कल चाचणी झाली. हेतू चांगलाच होता. पण ज्याने आयुष्यात कधी स्क्रू पिळला नाही, रोप लावले नाही, रुग्णाशेजारी बसला नाही, त्याला तुझा कल कुठे आहे विचारल्यावर तो उत्तर कशाच्या आधारावर देणार? सिनेमात पाहिलेल्या वर्दीच्या आणि गावात मान असलेल्या नोकरीच्या आधारावर. आधी अनुभव, मग कल.

आता ध्येयाकडे येतो. इथे मला पालकांशी थोडे कठोर बोलावे लागेल, आणि शिक्षकांशीही.

‘वास्तववादी ध्येय’ हा सल्ला आपण समान वाटत नाही. ऊसतोड कामगाराच्या मुलाला, गुऱ्हाळावर राबणाऱ्याच्या मुलीला आपण तो पटकन देतो. ‘तुझ्या परिस्थितीला झेपेल असं बघ.’ सधन घरातल्या चाळीस टक्क्यांच्या मुलाला मात्र आपण डॉक्टर होण्यापासून परावृत्त करत नाही. मुलीच्या बाबतीत तर वास्तव म्हणजे बारावीपर्यंत एसटीचा पास आणि मग स्थळ. हे वास्तव नाही, हा आपल्या मनातला हिशेब आहे. रमाबाईंनी दहा वर्षांची मुदत पाहून जमीन घेतली, ते वास्तव. ध्येय मोठे ठेवून पुढची पायरी नेमकी मोजणे, तिला लागणारा वेळ, पैसा आणि माणूस शोधणे, आणि ती पायरी हुकली तर दुसरी कोणती हे आधीच पाहून ठेवणे, याला मी वास्तववादी म्हणतो.

दौंडच्या पूर्वेकडच्या एखाद्या गावातल्या मुलीला परिचारिका व्हायचे असेल, तर तिच्याशी स्वप्नांवर बोलू नका. बारावीला कोणते विषय लागतात, प्रवेश परीक्षा कोणती, वसतिगृह कुठे, हे तिच्यासोबत बसून कागदावर लिहा. आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या, कुटुंबाचे उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शासनाने २०२४-२५ पासून पूर्ण माफ केले आहे. ही एक माहिती वेळेवर पोहोचली तर एखाद्या घरातला निर्णय बदलतो. ती घरोघर पोहोचवणे हे शाळेचे काम आहे.

आणि पुण्याच्या सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून स्पर्धा परीक्षा देणारी आपली मुले. जागा शेकड्यांत आणि अर्ज लाखांत. मी त्यांना घरी परत या म्हणणार नाही. यातून अधिकारी होतात, गावाची मान उंचावते. पण जाण्याआधी बापासमोर बसून दोन गोष्टी ठरवा: किती प्रयत्न करायचे, आणि त्यादरम्यान हातात दुसरे कोणते कौशल्य धरून ठेवायचे. आकडा आधी ठरलेला असला की तिसऱ्या-चौथ्या वर्षी मुलगा अपराध्यासारखा गावात यायचे टाळत नाही. तो ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या दुसऱ्या वाटेने ताठ मानेने निघतो. लाजेपायी जी वर्षे जातात ती आकड्याच्या अभावी जातात, असे माझे ठाम मत आहे.

आपल्या भागाइतके शिकण्यासारखे काम महाराष्ट्रात फार थोड्या ठिकाणी आहे. शिरूरला रांजणगाव आणि सणसवाडीचे कारखाने, दौंडला कुरकुंभची रसायने, रेल्वेचे मोठे जंक्शन, साखर कारखाने, गुऱ्हाळे, दुधाची संकलन केंद्रे, कालव्याचे पाणीवाटप. पण आपली मुले यातल्या कुठल्याही फाटकाच्या आत जातात ती ठेकेदाराची माणसे म्हणून, अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर. विद्यार्थी म्हणून, बाराव्या-तेराव्या वर्षी, वही-पेन घेऊन ती कधीच जात नाहीत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवले आहेत. त्या दिवसांत सुतार, माळी, कुंभार, कारागीर यांच्याकडे शिकायचे. कागदावर हे आहे. ते कार्यानुभवाच्या वाटेने जाऊ द्यायचे की नाही हे आपल्या हातात आहे.

मुख्याध्यापकांना माझी विनंती आहे. येत्या वर्षात हे दहा दिवस सहलीत घालवू नका. गावातल्या गुऱ्हाळावर, गॅरेजमध्ये, रोपवाटिकेत, प्राथमिक आरोग्य केंद्रात मुलांच्या लहान तुकड्या पाठवा. रोज संध्याकाळी प्रत्येक मुलाने तीन ओळी लिहाव्यात: आज काय जमले, कुठे अडले, उद्या काय करून पाहणार. त्या ओळींना गुण देऊ नका, त्या वाचा आणि दुसऱ्या दिवशी त्यावर मुलाशी बोला. गणिताच्या शिक्षकांनी उत्तरपत्रिकेवर नुसता आकडा न टाकता चुकीची जात लिहावी. समजले नाही, की आकडेमोड चुकली, की वेळ संपला. एवढ्याने त्या धावणाऱ्या मुलाला गणितातले त्याचे पाच चाळीस सापडेल. आणि आठवीच्या वर्गशिक्षकांनी एकदा मुलांना घेऊन पाबळला जावे, अगोदर कळवून, पूर्ण दिवस हाताशी ठेवून. शिरूरच्या शाळांना तर ते आपल्याच तालुक्यात आहे. दौंडच्या शाळांनी जाताना केडगावला थांबावे.